भिंतीवरचा माझा भाऊ तुम्ही पुसलात : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सविनय जयभीम.

दांडेकर पुलाजवळच्या आमच्या वस्तीतल्या भिंतीवर मागच्या आठवड्यात सुशोभीकरण म्हणून पिवळा रंग फासला गेला. त्या रंगाखाली माझा धाकटा भाऊ आहे. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये गुदमरून गेला तो. तेव्हा तुम्ही आमच्या दारात आला होतात. आईचा हात धरून म्हणालात, "महिन्याभरात न्याय मिळवून देतो."

ते चित्र शोभेचं नव्हतं. चित्रकला शिकणाऱ्या वस्तीतल्या पोरांनी भावाला चेंबरमध्ये उतरताना काढलं होतं, कमरेला दोर बांधलेला. त्याच्यासोबत काम करणारा एक जण तिथून रोज मान खाली घालून जायचा. ठेकेदाराच्या धाकाने त्याने पोलिसांना काही सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी तो थांबला. म्हणाला, "दोर नव्हता. पुसा तो." पोरांनी दोर पुसला आणि तो बोलायलाच लागला. मास्क नव्हता, गॅस तपासला नव्हता, झाकण काढलं की लगेच उतरवलं. आमच्या वकीलताईंनी तिथंच सगळं लिहून घेतलं, पुढे त्याचं शपथपत्र झालं. अकस्मात मृत्यू म्हणून फाइल बंद करणाऱ्यांना जे जमलं नाही, ते त्या भिंतीने केलं.

कंबोडियात तुओल स्लेंगच्या तुरुंगातून वाचलेला चित्रकार व्हान नाथ 2009 साली न्यायालयात साक्षीला उभा राहिला, तेव्हा त्याने काढलेली छळाची चित्रंही तिथं दाखवली गेली. पुढच्या वर्षी तुरुंगाचा प्रमुख दोषी ठरला. इतकं लांब तरी कशाला जायचं? याच पुण्यात पोवाडे आणि अखंड रचणाऱ्या जोतीरावांनी 1882 साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं होतं. त्यांच्या नावाने भाषणं करता ना तुम्ही?

कायदा नाही असं तर नाहीच. हाताने मैला साफ करून घ्यायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याचं कलम 7 माणसाला असं गटारात उतरवायला मनाई करतं. कलम 9 मध्ये पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख भरपाई ठरवली, 2023 मध्ये ती तीस लाख केली. वहिनीला एक रुपया मिळालेला नाही. ती चार घरची धुणीभांडी करते. "वारस दाखला आणा, मूळ प्रत आणा," असं सांगून तिला दर वेळी परत पाठवतात. आई अजून रात्री उठून दाराची कडी काढून ठेवते, तो उशिरा यायचा म्हणून. तुमच्या कुठल्या फाइलीत आहे हे?

माणूस मेला की तुम्ही लोक आधी रकाना शोधता. हाताने मैला उचलताना मेलेले वेगळे, गटारात मेलेले वेगळे. मग पहिल्या रकान्यात शून्य लिहून संसदेत वाचून दाखवता. नेमणारा म्हणतो ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो तो आमच्या हजेरीवरच नव्हता. आणि मरणारा दर वेळी आमच्याच जातीचा कसा निघतो, याचं उत्तर एकही सरकार देत नाही. तुमचंही नाही, आधीचंही नाही.

कलम 9 खाली गुन्हा नोंदवा. तीस लाख वहिनीच्या खात्यात जमा करा. साक्षीदाराला संरक्षण द्या, त्याला धमक्या येत आहेत. चित्राचे सगळे फोटो, दोर पुसण्याआधीचे आणि नंतरचे, वकीलताई याचिकेला जोडणार आहेत. पोरं त्याच भिंतीवर पुन्हा चित्र काढणार आहेत, त्यांना हात लावू नका. आणि तो पिवळा रंग कुणाच्या आदेशाने मारला, हे तुमच्या खात्याने न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगावं.

त्याची मोठी बहीण,
दांडेकर पूल परिसर, पुणे