पुराचे फूट तोंडपाठ, उन्हाच्या नोंदी कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगलीत कुणालाही विचारा, २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती चढलं होतं. ५७ फुटांच्या वर, हे शाळकरी पोरही सांगेल. पण तासगाव तालुक्यात आजवरचा सर्वांत कडक उन्हाचा दिवस कोणता, असं विचारलं तर सगळे गप्प. मी द्राक्ष बागायतदार आहे, बेदाणा करतो. फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या गरम हवेवर माझं वर्षाचं उत्पन्न ठरतं. या हवेचा जुना हिशेब मला कुठेही सहज मिळत नाही.

माझी मुलगी मेलबर्नला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा मिल्ड्युराला मुद्दाम जाऊन आलो. मरे नदीकाठचं हे शहर म्हणजे तिथलं तासगाव. आपण घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या (घड लवकर वाळवणाऱ्या तेलाच्या) द्रावणात बुडवून रॅकवर वाळायला टाकतो, ती पद्धत आपल्याकडे ऑस्ट्रेलियाचीच म्हणून ओळखली जाते. पण तिथून मी मनात घेऊन आलो ते वेगळंच. तिथे कुणीही फोनवर ठिकाणाचं नाव टाकतो आणि रोजचं कमाल-किमान तापमान, रोजचा पाऊस अनेक दशकं मागे जाऊन बघतो. पैसे नाहीत, अर्ज नाही.

मेलबर्नच्या तापमानाच्या नोंदी १८५५पासूनच्या आहेत. १३ जानेवारी १९३९ला तिथे ४५.६ अंश तापमान होतं. तो उच्चांक ७० वर्षं टिकला आणि ७ फेब्रुवारी २००९ला ४६.४ अंशांनी मोडला. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राज्यात वणवे पेटले, १७३ माणसं गेली. त्या आगींबद्दल जगभर छापून आलं. मला मात्र त्याआधीचा आठवडा जास्त अस्वस्थ करतो. २८ ते ३० जानेवारी असे सलग तीन दिवस मेलबर्नचा पारा ४३च्या वर होता. उन्हाच्या त्या लाटेत राज्यात नेहमीपेक्षा ३७४ मृत्यू जास्त झाले, आणि तिथल्या आरोग्य खात्याने ते मोजले. आगीपेक्षा दुप्पट माणसं नुसत्या उन्हाने नेली! मोजणी झाली म्हणून हे समजलं आणि पुढे उष्णतेचे आरोग्य-इशारे देण्याची व्यवस्था उभी राहिली. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ऊसतोडीवरून परतलेली म्हातारी माणसं दगावतात, त्यांचा हिशेब कोण ठेवतो?

उच्चांक तर पुढेही मोडतच राहिले. ॲडलेडला २४ जानेवारी २०१९ रोजी ४६.६, सिडनीच्या पश्चिमेकडच्या पेनरिथला ४ जानेवारी २०२० रोजी ४८.९. पण एका दिवसाचा आकडा दचकवतो, बदल दाखवते ती लांबलचक नोंद. १९१०पासून त्या देशाचं सरासरी तापमान सुमारे दीड अंशाने वाढलं आहे आणि आग्नेय भागात १९९४पासून एप्रिल ते ऑक्टोबरचा पाऊस साधारण ९ टक्क्यांनी घटला आहे. २०१५मध्ये मेलबर्नचं मुख्य हवामान केंद्र उंच इमारतींच्या गराड्यातून ऑलिंपिक पार्कात हलवलं, तेव्हा काही काळ दोन्ही जागी मोजमाप चालू ठेवलं होतं. नवी जागा थंड की हवाच बदलली, असा घोळ होऊ नये म्हणून. एवढी काळजी!

आपला आणि त्यांचा संबंध नुसता बेदाण्यापुरता नाही. २०१९मध्ये हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा भाग तापला आणि सुमात्राकडचा गार पडला. तिकडे आग्नेय ऑस्ट्रेलिया कोरडा पडून उन्हाळाभर जळला. इकडे पाऊस हटेना. मान्सूनची माघार ९ ऑक्टोबरला सुरू झाली, नोंदींतली सर्वांत उशिराची. ऑक्टोबर छाटणी झालेल्या आमच्या बागांत डाऊनीने, म्हणजे ओल्या हवेत वाढणाऱ्या बुरशीच्या रोगाने, घड जिरवले. औषधं फवारून हात थकले होते. एकाच समुद्राने दोन्हीकडच्या द्राक्षवाल्यांना रडवलं.

आता मागणी. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत, फळपीक विमा त्यांच्यावरच चालतो. एका मार्चमध्ये आमच्या शेडवर वळीव तासभर कोसळला, रॅकवरचा माल काळा पडला. मंडळाच्या केंद्रावर मात्र पाऊस नावापुरता. म्हणून केंद्रं जास्त हवीत, पत्र्याच्या शेडपासून आणि डांबरी रस्त्यापासून दूर, मोकळ्या जागेत हवीत. प्रत्येक केंद्राची पहिल्या दिवसापासूनची नोंद शेतकऱ्याला मराठीत, फोनवर, विनाशुल्क दिसली पाहिजे. केंद्र हलवलं तर ते कधी आणि का, हेही तिथेच लिहिलेलं असावं.

शिवाय तहसील कचेऱ्या, साखर कारखाने, कृषी शाळा यांच्या कपाटांत पावसाच्या, उन्हाच्या जुन्या वह्या असतील, त्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी संगणकावर चढवाव्यात. जिल्हा प्रशासनाने मनावर घेतलं तर महाविद्यालयांतली भूगोलाची मुलं हे काम आनंदाने करतील. आपल्या वृत्तपत्रानेही रोजच्या तापमानाशेजारी त्याच तारखेचा जुना उच्चांक छापायला सुरुवात करावी, ही विनंती.

– एक बेदाणा उत्पादक, सावळज, ता. तासगाव, जि. सांगली