क्रे आईकडूनच येऊ दे

प्रिय मित्रा,

एनएमडीए रिसेप्टरवर, म्हणजे शिकण्या-आठवण्यात भाग घेणाऱ्या मेंदूपेशींवरच्या प्रथिनावर, उंदरांत काम करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पिंजरे मागवण्याआधी हे वाच.

या रिसेप्टरचा मुख्य भाग बनवणारं ग्रिन1 जनुक उंदराच्या सगळ्या शरीरातून काढलं तर पिल्लं जन्मतात, पण दिवसभरातच दगावतात. म्हणूनच 1996 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावांच्या प्रयोगशाळेनं ते फक्त हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीच्या भागाच्या, सीए1 पट्ट्यातून काढलं. जनुकाच्या दोन्ही बाजूंना डीएनएच्या 34 अक्षरांच्या लॉक्सपी खुणा बसवायच्या (अशा प्रतीला फ्लॉक्स म्हणतात), म्हणजे जिथे क्रे एन्झाइम असेल तिथेच मधला तुकडा कापला जातो. ते उंदीर जगले, पण पाण्यात लपलेल्या फळीची जागा त्यांना नीट शिकता आली नाही.

जोड लावताना क्रे आईकडून दे. काही कॅमकेटू-क्रे वाणांत (यांत क्रे मुख्यतः पुढच्या मेंदूच्या चेतापेशींत बनतं) नराच्या वृषणातही क्रे चालतं, मग कापलेलं जनुक थेट पुढच्या पिढीत उतरतं आणि तुझं 'फक्त सीए1' तिथेच संपतं. मादीत एक फ्लॉक्स प्रत आणि क्रे, नरात दोन्ही प्रती फ्लॉक्स आणि क्रे नाही, अशी जोडी लाव. चारात एक पिल्लू कामाचं निघेल. दहा नर हवे असतील तर सरासरी 80 पिल्लं धर. तुलनेसाठी त्याच वेतातली भावंडं घे, आणि त्यांत क्रे असलेली पण एकच फ्लॉक्स प्रत असलेलीही हवीत. क्रे स्वतः पेशींना अपाय करू शकतं, ते वेगळं दिसायला हवं.

जीनोटायपिंगला, म्हणजे कुठल्या पिल्लात कुठली प्रत आहे ते तपासायला, कानाचा 2 मिलिमीटरचा तुकडा पुरतो. 50 मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड 100 मायक्रोलिटर, 95 अंशांवर अर्धा तास, मग 1 मोलर ट्रिस, पीएच 8, 10 मायक्रोलिटर. तुकडा मोठा घेतलास तर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची पायरी, अडतो. या प्रती जेलमध्ये लांबीनुसार पट्ट्यांत वेगळ्या होतात; फ्लॉक्सची पट्टी साध्या पट्टीच्या जेमतेम वर असते, म्हणून जेल अडीच टक्क्यांचं कर. एक प्रत फ्लॉक्स असलेल्या उंदरात कधीकधी वर तिसरी पट्टी उमटते. ती दोन प्रतींचे धागे एकमेकांना चिकटून झालेली असते, नवं उत्परिवर्तन नव्हे. कापलेल्या जनुकाची पट्टी मात्र कानाच्या डीएनएत दिसली, तर ते पिल्लू प्रयोगातून काढ.

वयाचं बंधन कडक पाळ. कापणी जन्मानंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि पुढे कॉर्टेक्सपर्यंत, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंतही पसरते. दोन महिन्यांचे आणि सहा महिन्यांचे उंदीर एका गटात घालू नकोस. प्रत्येक तुकडीतल्या काही मेंदूंचे छेद घेऊन ग्रिन1चा एमआरएनए (जनुकाची चालू असल्याची नक्कल) कुठून गेलाय ते डोळ्यांनी पाहा.

पाण्याच्या चाचणीआधी वाण विचारून घे. सी3एच आणि एफव्हीबी उंदरांची दृष्टी आरडी1 या डोळ्याच्या पडद्याच्या आनुवंशिक दोषामुळे लवकर जाते. दिसणारी फळीही ज्याला सापडत नाही, त्याच्या स्मृतीबद्दल काहीच म्हणता येत नाही.

आणखी एक, याची मला फार काळजी वाटते. ग्रिन1 विकार (या जनुकातल्या बिघाडानं होणारा मेंदूचा आजार) असलेल्या बऱ्याच मुलांत जनुक गेलेलं नसतं, त्यातलं एखादं अक्षर बदललेलं असतं. त्यांच्यासाठी नेमका तोच बदल घातलेला नॉक-इन उंदीर लागेल. प्राणी-नीतिसमितीच्या अर्जात जनुक काढलेल्या आणि नॉक-इन अशा दोन्ही वाणांची संख्या वेगवेगळी लिही.

तुझाच,
मित्र