प्रियॉनची अर्धीच गोष्ट किती दिवस छापणार?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मॅड काऊ (गायींचा) नाहीतर सीजेडी (माणसांचा, क्रॉइट्झफेल्ड-याकोब) या मेंदूच्या आजारांबद्दल मराठी पेपरात वर्षादोनवर्षांनी बातमी येते आणि दरवेळी तेवढंच असतं, प्रियॉन नावाचं बिघडलेलं प्रोटीन मेंदूची चाळण करतं, इलाज नाही, विषय संपला. आमच्या नात्यातले एक काका सीजेडीनेच गेले, काही महिन्यांतच माणसं ओळखेनासे झाले होते, तेव्हापासून मी यावर मिळेल ते वाचतोय.

प्रियॉन एकटं काहीच करू शकत नाही हो. आपल्या सगळ्यांच्याच मेंदूतल्या पेशींवर बाहेरून पीआरपी नावाचं चांगलं प्रोटीन असतं, प्रियॉन त्यालाच भिडतं आणि त्याची घडी बिघडवून त्याचंही प्रियॉन करतं. 1993 मध्ये झुरिकच्या चार्ल्स वाइसमन यांच्या टीमने हे प्रोटीनच नसलेल्या उंदरांना स्क्रेपी, म्हणजे मेंढ्यांचा प्रियॉन आजार, टोचून बघितला तर त्यांना काहीच झालं नाही. मला सगळ्यात भारी वाटतो तो 2003 चा लंडनचा प्रयोग, जिओव्हाना मॅलुची आणि जॉन कॉलिंज यांचा, त्यांनी लागण होऊन गेल्यावर उंदरांच्या न्यूरॉनमधलं पीआरपी बंद केलं तर मेंदूला पडायला लागलेली छिद्रं भरून आली, बाकीच्या पेशींत प्रियॉन साठत राहिलं तरी उंदीर ठणठणीत! म्हणजे नुसत्या साठ्याने मेंदू मरत नाही, न्यूरॉनवर ते प्रोटीन असावं लागतं. तिथून आत सिग्नल कसा जातो यात एमग्लूआर5, लॅमिनिन रिसेप्टर अशी पेशीवरच्या दुसऱ्या प्रोटीनांची नावं घेतली जातात, त्यावर अजून एकमत नाही.

आता इलाज याच धाग्यावर शोधतायत. अमेरिकेतल्या सोनिया वल्लभ यांची आई 2010 ला घराण्यातून आलेल्या प्रियॉन आजाराने गेली, टेस्ट केली तर तोच बिघडलेला जीन त्यांच्यातही निघाला, मग वकिली सोडून त्या नवऱ्यासोबत, एरिक मिनिकेल यांच्यासोबत, संशोधनात उतरल्या आणि पीआरपी कमी करणाऱ्या औषधांवर काम करतायत. तसल्या एका औषधाची माणसांवर ट्रायल पण सुरू झालीये. हे प्रोटीन नसलेल्या शेळ्या नॉर्वेत निसर्गतःच सापडल्यात आणि त्या व्यवस्थित जगतात, त्यामुळे ते कमी केलं तर चालेल असं वाटायला जागा आहे.

सीजेडीच्या साधारण 10 ते 15 टक्के केसेस घराण्यातल्या जीनमुळे होतात. अशा घरातली तरुण मुलं आज धडधाकट आहेत आणि औषध आलं तर सगळ्यात आधी त्यांच्या कामाचं आहे, त्यांनी तुमच्या पेपरात दरवेळी फक्त 'इलाज नाही' एवढंच वाचायचं का? एखाद्या न्यूरॉलॉजिस्टकडून यावर पानभर लेख लिहून घ्या ही कळकळीची विनंती.

आपला एक वाचक