लेप्टोच्या फलकावर मेलिओइडोसिसचेही नाव हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सिंधुदुर्गात आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) फलक लागतात, त्यावरच्या डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाच्या) गोळ्या घरोघर पोचतात. हे काम खरोखर चांगले चालले आहे. लेप्टो म्हणजे काय, हे आता इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पण त्याच चिखलात आणखी एक जिवाणू राहतो. त्याचे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले ते थोरल्या भावाच्या खाटेशेजारी उभा असताना, आणि तेही त्याच्या आजाराच्या चौथ्या महिन्यात.

दादा शेतकरी आहे आणि त्याला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. एरवी गोळ्या नेमाने घेतो, पण लावणीच्या दिवसांत जेवणाची वेळच धड राहत नाही, तिथे गोळ्यांची कुठली राहणार? टाचांना भेगा, नांगराच्या फाळाने नडगीवर झालेली जखम, आणि दिवसभर गुडघाभर चिखलात पाय. लावणी आटोपली आणि आठवडाभरात ताप भरला. आधी लेप्टोची तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली. मग छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसला. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते, तरी ‘टीबीच असणार’ म्हणून गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने त्या गोळ्या पोटात गेल्या. ताप चार दिवस उतरायचा, पुन्हा चढायचा. वजन १४ किलोने घटले. वहिनी रात्री त्याचा घामाने भिजलेला सदरा बदलायची आणि सकाळी दोरीवर तीन-तीन सदरे वाळत असायचे. ते सदरे पाहूनच आम्हाला कळायचे की आजही रात्र वाईट गेली.

मध्यंतरी एका प्रयोगशाळेने थुंकीचे कल्चर केले होते, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहिले होते. अहवालात लिहिले होते : ‘स्यूडोमोनास जातीचा जिवाणू, नमुन्यात बाहेरून मिसळला असण्याची शक्यता.’ तो कागद फायलीत गेला. उत्तर त्याच कागदावर होते, पण ते वाचता येणारा माणूस आम्हाला तेव्हा भेटला नाही. पुढे पाणथरीत (प्लीहेत) गळू झाले. मोठ्या रुग्णालयात सुईने पू काढला, तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टरीणबाईंनी तो नीट वाढवला आणि निदान केले : मेलिओइडोसिस. जिवाणूचे नाव बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय, जो प्रयोगशाळेत सहज स्यूडोमोनास समजला जातो. माझा चेहरा पाहून त्यांनी मला काचेच्या कपाटातली झाकणबंद बशी बाहेरूनच दाखवली. चौथ्या दिवशी त्या बशीत वाळत घातलेल्या आमसुलासारखे जांभळट, सुरकुतलेले ठिपके उगवले होते. सूक्ष्मदर्शकाखाली हा जिवाणू साडीच्या पिनेसारखा दिसतो, टोकांना रंग चढलेला आणि मध्ये रिकामा, असे त्या म्हणाल्या.

त्यानंतर मिळेल ते वाचत आणि डॉक्टरांना विचारत गेलो, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

हा जिवाणू मातीतला रहिवासी आहे. जगायला त्याला माणसाची गरज नाही. उन्हाळ्यात तो जमिनीत खोल असतो, पाऊस लागून पाणी वर आले की तोही वर येतो. मग कापलेल्या-खरचटलेल्या कातडीतून, वादळी पावसात श्वासावाटे किंवा दूषित पाण्यातून शरीरात शिरतो. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही. म्हणून अशा जिवाणूंना संधिसाधू म्हणतात. आपल्या आतड्यातले क्लेब्सिएला किंवा ई. कोलायही असेच : आतड्यात आहेत तोवर गुपचूप, प्रतिकारशक्ती ढासळली की रक्तात. मातीतल्या या जिवाणूला ती संधी सर्वात जास्त मधुमेहातून मिळते. साखर वाढलेली असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, पण नीट मारू शकत नाहीत. मेलिओइडोसिसच्या रुग्णांत निम्म्याच्या आसपास मधुमेही असतात. त्यांच्याखालोखाल मूत्रपिंडाचे जुने रुग्ण आणि अति दारू पिणारे.

हा आजार काही काल-परवाचा नाही. रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी या डॉक्टरांनी १९१२ मध्येच त्याचे वर्णन केले होते. भारतातली एक सुरुवातीची नोंद १९९१ साली झाली, ती मुंबईच्या डॉक्टरांनी केलेली, एका लहान मुलाची. पुढे कर्नाटकातल्या मणिपाल-उडुपीच्या पट्ट्यात डॉक्टर शोधू लागले तसे रुग्ण दरवर्षी सापडू लागले. तीच लाल माती, तोच पाऊस आणि तीच भातशेती उत्तरेला आमच्याकडेही आहे. जिल्ह्याची सीमा जिवाणूला ठाऊक नसते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात वर्षाला सुमारे १,६५,००० रुग्ण आणि ८९,००० मृत्यूंचा अंदाज मांडला होता, आणि त्यात सर्वात मोठा वाटा दक्षिण आशियाचा होता. हा गणिती अंदाज आहे, मोजलेले आकडे नव्हेत, हे मान्य. पण आपल्याकडे मोजलेले आकडे इतके थोडे का, हाच माझा प्रश्न आहे.

माझी कुणा एका डॉक्टरवर तक्रार नाही. हा आजार फुप्फुसात क्षयासारखा दिसतो, यकृत-पाणथरीत गळू करतो, सांध्यांत शिरतो, कातडीवर साध्या फोडासारखा येतो. क्षयाचे रुग्ण इतके आहेत की पहिली शंका तिकडेच जाणार. पण क्षयाच्या औषधांना हा जिवाणू दाद देत नाही. पेनिसिलिन आणि जेंटामायसिनलाही तो सहसा जुमानत नाही. दादाला सेफ्टाझिडिम या प्रतिजैविकाची इंजेक्शने दर आठ तासांनी चार आठवडे द्यावी लागली, मग तीन महिने को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या. औषध नवे नाही, दुर्मीळही नाही. आजाराचे नाव चार महिने कुणाच्या डोक्यात आले नाही, इतकेच. गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो, म्हणून वहिनीने कॅलेंडरवर रोज फुली मारली.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये दर पावसाळ्याआधी सरकार लोकांना सांगते : बागेत काम करताना बूट-हातमोजे घाला, जखम झाकून ठेवा, मधुमेह असेल तर वादळी पावसात घरात थांबा. तिथे या आजाराची सलग नोंद १९८९ पासून ठेवली जाते. लवकर निदान आणि चांगला अतिदक्षता विभाग यांमुळे तिथला मृत्युदर १० टक्क्यांच्या आसपास आला आहे. ईशान्य थायलंडमध्ये तो ४० टक्क्यांच्या घरात राहिला होता. हा सगळा फरक काही जिवाणूने केलेला नाही.

आमच्या शेतकऱ्याला लावणीच्या वेळी घरात थांबा असे सांगता येत नाही, ते मलाही कळते. चिखलात गमबूट रुततो, बाईमाणसांच्या मापाचा तर मिळतही नाही. पण मधुमेहाच्या गोळ्या द्यायला दर महिन्याला माणसे आरोग्य केंद्रात बोलावलीच जातात. त्याच खिडकीवर मे महिन्यात सांगता येईल की पायाची जखम बांधल्याशिवाय मळ्यात उतरू नका, आणि लावणीनंतर ताप आला तर ‘मला साखर आहे, मी चिखलात काम केले आहे’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. जिल्हा रुग्णालयाने अशा रुग्णाचे रक्त प्रतिजैविक सुरू करण्याआधी कल्चरला पाठवावे. आणि प्रयोगशाळांनी मधुमेही शेतकऱ्याच्या नमुन्यातला ‘स्यूडोमोनास’ मिसळलेला म्हणून बाजूला सारू नये. जेंटामायसिनला दाद न देणारा असेल तर तो जाणत्या प्रयोगशाळेकडे पाठवायलाच हवा. क्षयाच्या गोळ्यांनी महिन्या-दीड महिन्यात फरक पडत नसेल आणि क्षयाचा पुरावाही नसेल, तर तो रुग्ण पुन्हा पहिल्यापासून तपासावा.

यात घाबरण्यासारखेही काही नाही. माणसापासून माणसाला हा आजार जवळपास कधीच होत नाही. दादा आजारी असताना शेजारच्या दोन घरांनी आमच्याकडे येणे बंद केले होते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

लेप्टोचे नवे फलक सध्या छापायला गेले असतील. त्यावर खाली दोन ओळींची जागा सापडली, तर जिल्हा आरोग्य विभागाने ‘मेलिओइडोसिस’ हा शब्द मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावा. दादाने यंदा गमबूट आणले आहेत आणि तरवा (भाताची रोपे) काढायला माणूस लावला आहे. वाडीत साखरेच्या गोळ्या घेणारे आणखी अकरा जण आहेत. ते याही वर्षी अनवाणीच मळ्यात उतरणार आहेत.

आपला,
एक वाचक, जि. सिंधुदुर्ग