सुहासला पत्र: त्या आकड्याबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या यकृताच्या फायब्रोस्कॅनचा रिपोर्ट नीट वाचला. १२.८ किलोपास्कल या आकड्याभोवती तू मारलेलं वर्तुळही पाहिलं. इंटरनेटवरच्या तक्त्यात तो आकडा शोधून "म्हणजे सिरॉसिस जवळ आला" असं तू लिहिलंस, ते वाचून फार अस्वस्थ झालो. म्हणून फोन न करता लिहितोय. पुन्हा पुन्हा वाचता येईल.

फायब्रोस्कॅन यकृतातला फायब्रोसिस, म्हणजे साचत गेलेले व्रण (सिरॉसिस ही त्याची शेवटची पायरी), मोजत नाही, तो ताठरपणा मोजतो. बरगड्यांमधून एक हलका धक्का देतात. त्याची लहर जितकी वेगाने पळते, तितकं यकृत कडक. पण यकृत कडक व्हायला व्रणच लागतात असं नाही. पित्तनलिका तुंबली, पित्त साचलं, आतला दाब वाढला, की फायब्रोसिस नसतानाही आकडा चढतो आणि अडथळा दूर झाल्यावर उतरतो. सूज आणि भरलेलं पोटही तेच करतात, म्हणून तर तपासणीआधी तीन तास काही खायचं नसतं. तुझी तपासणी झाली तेव्हा डोळे पिवळे होते, रक्तातलं बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) वाढलेलं होतं. त्या दिवसाच्या आकड्यावरून मी तरी फायब्रोसिसची पायरी ठरवणार नाही. आधी एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये, नलिका कुठे अरुंद झाली आहे ते पाहू दे. अडथळा सुटून कावीळ उतरली की पुन्हा मोज.

डॉक्टरांना एमआर इलॅस्टोग्राफीबद्दलही, म्हणजे एमआरआय यंत्रात ताठरपणा मोजण्याबद्दलही, विचार. ही पद्धत अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९९५ साली प्रथम मांडली. उजव्या बरगड्यांवर एक चकती बांधतात, ती बहुधा ६० हर्ट्झने कंप देते, आणि तू श्वास रोखलास की यंत्र यकृतातून जाणाऱ्या लहरींचा नकाशा काढतं. पीएससीमध्ये, म्हणजे पित्तनलिका सुजून अरुंद होण्याच्या आजारात, मला हा नकाशा फार मोलाचा वाटतो, कारण हा आजार सगळीकडे सारखा पसरत नाही. एका भागातल्या नलिका खराब, शेजारचा भाग बराच ठीक, असं असू शकतं. बायोप्सीची सुई यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग घेते, फायब्रोस्कॅन त्याहून खूप मोठा, पण उजवीकडचा एकच ठिपका पाहतो. शिवाय एमआरसीपीसाठी तू त्याच यंत्रात झोपणार आहेसच.

आता महत्त्वाचं. एमआर इलॅस्टोग्राफीत ४ आलं तर १२.८ वरून ४ झालं म्हणून आनंदू नकोस. दोन्हीकडे एकक किलोपास्कलच, पण मोजलेली राशी वेगळी. फायब्रोस्कॅनचा आकडा ढोबळमानाने तिप्पट असतो. तुलना करायची ती त्याच पद्धतीच्या जुन्या आकड्याशी, कावीळ नसताना, उपाशीपोटी. वर्षागणिक तो चढतोय की जागेवर आहे, हे मला कुठल्याही एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगतं.

ताप येऊन थंडी वाजली, तर मात्र स्कॅनची तारीख बघत बसू नकोस. नलिकेत जंतुसंसर्ग असू शकतो. थेट दवाखान्यात जा आणि मग मला कळव, रात्र असली तरी.

पुढच्या वेळी जुना रिपोर्ट सोबत ने. त्यावर त्या दिवसाचं बिलिरुबिन लिहून ठेव.

तुझा,
अविनाश