अ‍ॅनोरेक्सिया : वजन सावरलं तरी भीती उरते

संपादक महोदय,

श्रावण ते दिवाळी हा काळ अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसाच्या, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याच्या आजाराच्या, रुग्णांना फार जड जातो. उपवासांमुळे न खाणं कुणाच्या नजरेत येत नाही आणि मंगळागौर, गणपती, नवरात्र यांत चारचौघांसमोर जेवावंही लागतं. अशा वेळी घरचे म्हणतात, ‘आधी तिची भीती जाऊ दे, माणसांत मिसळू दे, मग जेवेल आपोआप.’ हा क्रम उलटा आहे आणि त्यापायी उपचारांचे मोलाचे महिने वाया जातात. (मुलग्यांनाही हा आजार होतो, तिकडे तर शंकाच उशिरा येते.)

उपासमार स्वतःच माणसाला एकलकोंडं करते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. स्वखुशीने आलेले, पारखून निवडलेले हे तरुण. वजन सुमारे चतुर्थांश घटेपर्यंत त्यांची थट्टामस्करी आटली, चिडचिड वाढली, ते एकमेकांना टाळू लागले आणि डोक्यात दिवसभर अन्नच घोळू लागलं. म्हणून वजन खूप कमी असताना नुसतं समुपदेशन किंवा नुसत्या गोळ्या यांनी फारसं साधत नाही.

पण वजन भरलं की सगळं सुटलं, असंही नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ वॉल्टर के आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये खाण्याचे विकार असलेल्या ६७२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश जणांना कधी ना कधी चिंताविकार होता, दर पाचांत एकाला लोकांत वावरण्याची तीव्र भीती होती. अनेकांची चिंता बालपणीच, खाण्याचा त्रास सुरू होण्याआधीची होती. ती वजनाबरोबर जात नाही.

सुरुवात घरच्या ताटापासून. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा खाणं, तीन-चार तासांहून जास्त खंड नाही. ताट पालकांनी वाढायचं आणि जेवताना प्रमाणावर वाद घालायचा नाही. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातून पुढे आलेल्या कुटुंबाधारित उपचारातही जेवणाची जबाबदारी सुरुवातीला पालकच घेतात. जेवणानंतर तासभर कुणीतरी सोबत राहावं, कारण तेव्हा घालमेल फार होते. मात्र कित्येक दिवस जवळपास काहीच पोटात गेलं नसेल, तर घरच्या घरी एकदम आहार वाढवू नये. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधी डॉक्टर, रक्ततपासणी, मग वाढ.

वजन सावरू लागलं की भीतीच्या पायऱ्या कागदावर मांडाव्यात. घरी मावशीसोबत जेवण, मग एका मैत्रिणीसोबत घरी, मग तिच्याचबरोबर उडप्याच्या हॉटेलात आधी ठरवलेला डोसा, मग तिथे जाऊन निवडलेला पदार्थ, शेवटी लग्नातली पंगत किंवा बुफे. प्रत्येक पायरी आठवड्यातून दोन-तीनदा, आणि धाकधूक उतरेपर्यंत जागेवरून उठायचं नाही.

हे फसतं ते पळवाटांमुळे. पंगतीत शेवटपर्यंत वाढपी म्हणून उभं राहणं, ‘मी खाऊन आले’, भात चिवडत बसणं, दुसऱ्या दिवशी कमी खाऊन भरपाई करणं. घरच्यांना वाटतं, कार्यक्रमाला गेली, बरं झालं. पण पळवाट होती म्हणून निभावलं, एवढंच तिच्या मनावर ठसतं आणि पुढच्या वेळी भीती तितकीच असते.

नातेवाइकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. या आजारात भावना चेहऱ्यावर कमी उमटतात, हे अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. समोरच्याला ती शिष्ट वाटते, तो दोन शब्दांत बोलणं आटोपतं घेतो आणि आपण कुणालाच नकोत, ही तिची खात्री पक्की होते. तेव्हा उत्तर तुटक आलं तरी बोलत राहावं. फक्त शरीराविषयी नको. ‘किती वाळलीस’ जितकं वाईट, तितकंच ‘आता कशी छान भरलीस’ हेही. दुसरं वाक्य तिला ‘जाड झालीस’ असंच ऐकू येतं.

रुग्णाने उपवास धरू नये. हे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने, शक्यतो आजीनेच, आपणहून सांगावं. अपराधीपणा डॉक्टरांपेक्षा आजीच्या शब्दाने लवकर उतरतो.

दिवसा नाडी मिनिटाला ५० च्या खाली, उभं राहताच भोवळ, पाणीही नको म्हणणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. कुठे जावं हे सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. या आजारावर जरूर लिहावं, पण रुग्णांच्या वजनाचे आकडे, कॅलरींचे तक्ते आणि ‘आधी-नंतर’ची छायाचित्रं छापू नयेत. आजारी मुली त्या आकड्यांशी स्पर्धा करतात.

– खाण्याच्या विकारांवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ व समुपदेशक, पुणे