'एस्केप'चा घड्याळातला अर्थ राहून गेला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'एस्केप' या इंग्रजी शब्दावर आलेला लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, त्यात वाद नाही. हा शब्द लॅटिनमधल्या 'बाहेर' आणि 'झगा' या दोन शब्दांतून आला, म्हणजे पकडणाऱ्याच्या हातात नुसता झगा ठेवून माणूस पसार, हे वाचून तर मजाच वाटली. आपल्याकडे हातावर तुरी देतात, त्यांच्याकडे झगा देतात! आग्र्याहून सुटका, मार्सेच्या बंदरातली सावरकरांची उडी, इमारतीच्या मागचा लोखंडी जिना, करारातली पळवाट, सेकंदाला ११.२ किलोमीटरचा मुक्तिवेग, कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण, सगळं त्या लेखात आलं. घड्याळ मात्र आलं नाही. मी मिरजेतला घड्याळजी. दुकानाच्या पुढच्या काउंटरवर आता मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो आणि मागच्या टेबलावर भिंग लावून मी बसतो. माझ्या धंद्यात हा शब्द रोज तोंडात असतो, म्हणून हे पत्र.

लेखाचा सूर असा की एस्केप म्हणजे बंधन तोडून पळणं, आणि बाकीचे सगळे अर्थ त्याचीच पिल्लं. घड्याळात तसं नाही. तिथे खरोखर कुणी पळालं तर घड्याळ मेलंच.

आपण चावी देतो म्हणजे काय करतो? एका गोल डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी आवळतो. हीच मेनस्प्रिंग. आवळलेल्या पट्टीला एकच ध्यास असतो, सैल होण्याचा. तिचा जोर एकामागून एक चक्रांतून पुढे जातो आणि रांगेतल्या शेवटच्या चक्रावर येऊन थांबतो. त्या शेवटच्या चक्राचं नाव एस्केप व्हील. त्याच्या पुढ्यात दोन शिंगांचा एक चिमुकला तुकडा असतो, त्याला आम्ही पॅलेट म्हणतो. त्याच्या दोन्ही शिंगांत माणकाचा एकेक खडा बसवलेला असतो (कृत्रिम माणिक, उगाच कुणी घड्याळं फोडू नयेत). चक्राचा दाता एका खड्याला टेकून अडतो. तेवढ्यात बॅलन्सचं चाक, म्हणजे बारीक स्प्रिंगवर मागेपुढे झुलणारं चाक, झोका घेऊन येतं, पॅलेटला टिचकी मारतं, खडा बाजूला होतो आणि दाता सुटतो. सुटता सुटता तो पॅलेटला एक ढकला देतो, तोच ढकला बॅलन्सला मिळतो आणि त्याचा झोका चालू राहतो. दाता फार पळू शकत नाही, कारण समोरचा दुसरा खडा चक्राचा पुढचा दाता अडवायला आधीच खाली आलेला असतो. शाळा सुटल्यावर सगळी पोरं दाराकडे धावतात आणि शिपाई दारात हात आडवा धरून एकेकाला सोडतो, तसं हे काम. या सगळ्या योजनेला मिळून एस्केपमेंट म्हणतात.

आपण जिला टिकटिक म्हणतो ती चक्रं फिरल्याची नसते. एक दाता निसटला की दुसरा दाता समोरच्या खड्यावर आपटतो, तो आवाज मुख्यतः कानाला येतो.

आता थोडा हिशेब, कारण हिशेबाशिवाय या यंत्राचं कौतुक कळत नाही. बंगळुरूच्या एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीबरोबर १९६१ मध्ये घड्याळं काढायला सुरुवात केली. पुढे त्यांचं 'जनता' मॉडेल घराघरांत गेलं. तुमच्या वडिलांच्या कपाटात एखादं नक्की पडलेलं असेल. हे घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं. एस्केप व्हीलला साधारण पंधरा दाते असतात आणि एका दात्यामागे दोन ठोके पडतात, म्हणजे एका फेऱ्याला तीस ठोके आणि सहा सेकंद. दिवसाचे ठोके झाले ४,३२,०००. गिऱ्हाईक येऊन तक्रार करतं, "काका, रोज एक मिनिट मागे पडतंय हो." एक मिनिट म्हणजे चार लाख बत्तीस हजारांत तीनशे ठोक्यांची चूक. इतका नेटका हिशेब माणसांपैकी कोण ठेवतं, असं विचारायची सोय नसते. गिऱ्हाइकाचं घड्याळ, गिऱ्हाइकाचं मिनिट.

आणि एस्केपमेंट नसेल तर? चावी भरलेली असताना पॅलेट उचललं तर सगळी चक्रं भर्रकन फिरतात आणि दीड दिवसाची चावी काही क्षणांत उतरून जाते. त्या झटक्यात एखाद्या चक्राच्या आसाचं टोकही मोडतं. म्हणून कामाला येणाऱ्या पोराला पहिला धडा हाच असतो : आधी चावी उतरव, मग पॅलेटला हात लाव. लेखकाच्या व्याख्येप्रमाणे खरं 'एस्केप' झालं ते हेच, पण आम्ही त्याला नुकसान म्हणतो.

जुन्या स्विस घड्याळांच्या तबकडीवर 'आंक्र' असं छापलेलं असायचं. गिऱ्हाइकांना ते कंपनीचं नाव वाटे, "आंक्र कंपनीचं आहे, जपून करा" असं सांगून देत. फ्रेंचमध्ये आंक्र म्हणजे जहाजाचा नांगर. पॅलेटचा आकार नांगरासारखा म्हणून ते नाव. आणि एस्केपमेंटला फ्रेंच लोक जो शब्द वापरतात, 'एशापमां', तोच शब्द ते मोटारीच्या धूर सोडणाऱ्या नळीलाही वापरतात. धुराला आणि वेळेला एकच शब्द पुरवणाऱ्या लोकांचं मला कौतुक वाटतं.

इतिहासात फार शिरत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातल्या मनोऱ्यांवर यंत्राची घड्याळं दिसू लागली, ती या युक्तीमुळेच. पण ती दिवसाला पाव पाव तास चुकत. १६५६ मध्ये हॉलंडच्या हायगेन्सने लंबक जोडला तेव्हा चूक मिनिटांवरून सेकंदांकडे येऊ लागली. मी वर वर्णन केलेली दोन खड्यांची पद्धत १७५० च्या दशकात लंडनच्या टॉमस मजने काढली. आजही चावीच्या किंवा ऑटोमॅटिक मनगटी घड्याळांत बहुतेक ठिकाणी तीच आहे. १९६९ च्या नाताळात सेकोने क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि आमच्या धंद्याची संध्याकाळ झाली. आजच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांत स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि ते मोजण्याचं काम चिप करते. तिथे कुणाला अडवायचं नाही, कुणाला सोडायचं नाही.

कीबोर्डच्या बटणाबद्दलही एक सांगायचं आहे. लेखात म्हटलंय की प्रोग्रॅममधून पळ काढायचा म्हणून ते एस्केप. आमचा नातू संगणक शिकतो, त्याने वेगळं सांगितलं. आयबीएममधल्या बॉब बीमर यांनी १९६० च्या सुमारास ती खूण सुचवली, आणि तिचा अर्थ होता : आता पुढे जी अक्षरं येतील ती नेहमीच्या अर्थाने वाचू नका. नेहमीच्या संकेतातून तेवढ्यापुरतं बाहेर, आणि मग परत आत. हेही पळणं नव्हे. घड्याळजीला ते लगेच पटलं.

वाचकांच्या उपयोगाचं म्हणून दोन गोष्टी. घरातलं लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ वारंवार बंद पडत असेल तर आधी डोळे मिटून ऐका. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसेल, 'टिक-टॉक…… टिक-टॉक……' असं लंगडत असेल, तर घड्याळ बीटात नाही. बहुतेक वेळा ते खिळ्यावर तिरकं झालेलं असतं, दिवाळीच्या साफसफाईनंतर हमखास. खालचं टोक बोटाने किंचित डावीकडे, मग उजवीकडे सरकवून बघा. ठोके सारखे पडले की तिथेच सोडा. घड्याळजीचे पैसे वाचले, माझं नुकसान मी सोसतो. दुसरी गोष्ट तेलाची. कृपा करून खोबरेल घालू नका. मिरजेच्या थंडीत सकाळी बाटलीतलं खोबरेल गोठतं, ते चक्राच्या टोकावर गोठणार नाही का? शिलाई मशिनचं तेलही नको, ते पसरतं आणि धूळ गोळा करतं. दात्याला लागणारं तेल सुईच्या टोकावर दिसेल न दिसेल इतकंच असतं.

आता खरं दुखणं. आपल्याकडे गावोगावी जुन्या मनोऱ्यांवर, मंडईंवर यंत्राची मोठी घड्याळं आहेत. बंद पडली की 'आधुनिकीकरण' होतं. काट्यांमागे विजेची मोटर बसते आणि आतलं पितळ-पोलादाचं यंत्र किलोच्या भावाने जातं. एका गावात मला दुरुस्तीचा अंदाज द्यायला बोलावलं होतं. वर चढून बघतो तर एस्केप व्हील जागेवर नाही, आणि कुणालाच त्याचा पत्ता नाही. वीज गेली की त्या मोटरीचं घड्याळ थांबतं, वीज आली की तिथूनच पुढे चालू लागतं, आणि मग चार बाजूंच्या चार तबकड्यांवर चार वेळा.

मनोऱ्याच्या घड्याळाची अडचण वेगळी असते हे मान्य. काटे एवढाले, त्यांवर वारा लागतो, त्याचा दाब चक्रांमधून लंबकापर्यंत पोहोचतो. लंडनच्या बिग बेनचं घड्याळ १८५९ मध्ये सुरू झालं तेव्हा एडमंड बेकेट डेनिसन यांनी यावर उपाय काढला होता. चक्रांनी लंबकाला थेट ढकलायचंच नाही. त्यांनी फक्त दोन छोटे दांडे उचलून ठेवायचे आणि त्या दांड्यांच्या पडण्याच्या वजनाने लंबकाला ढकला मिळायचा. वारा कितीही असो, दांड्याचं वजन तेवढंच. त्या लंबकावर जुनी पेनीची नाणी ठेवून वेळ जुळवतात. एक नाणं वाढवलं की दिवसाला ०.४ सेकंद पुढे. ही युक्ती शिकायला इंजिनिअरिंग कॉलेजात जावं लागत नाही. यंत्र डोळ्यांसमोर असलं तर सातवीच्या मुलालाही कळते.

म्हणून नगरपालिकांना विनंती : मोटर बसवायचीच असेल तर बसवा, पण जुनं यंत्र भंगारात घालू नका. खाली काचेच्या पेटीत ठेवा, आणि एखाद्या निवृत्त कारागिराला आठवड्यातून एकदा चावी द्यायला लावा. मानधन चहाइतकं चालेल.

आणि आपल्या लेखकांना विनंती : दुसरा भाग लिहिणार असाल तर एस्केपमेंट त्यात घ्या. सोबत चित्र छापणार असाल तर छापण्याआधी कुणा घड्याळजीला दाखवा, मलाही चालेल. एस्केप व्हीलचे दाते एका बाजूला कललेले असतात आणि चित्रकार ते हटकून उलटे काढतात.

आपला नियमित वाचक,
एक घड्याळजी, मिरज